निर्भय वैमानिक दिलीप परुळकर

रणांगणावर शौर्य गाजविणारे वीर पुष्कळ असतात. परंतु शस्त्र हातचे गेल्यावर, चार भिंतींच्या आतही ज्याचे मन खचत नाही, त्याच्या धैर्याची थोरवी काही वेगळीच. भारतीय हवाई दलातील दिलीप परुळकर हे असे वीर होते.

मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांचे विमान जायबंदी झाले व उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी घ्यावी, असा सल्ला त्यांना मिळाला. पण त्यांनी ते तळावर सुखरूप आणले. ह्या पराक्रमाबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानच्या हद्दीत त्यांचे विमान पाडले गेले. हवाई छत्रीने ते खाली उतरले आणि युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी सुटकेचा निश्चय केला. सोबत्यांनी मिळेल त्या हत्याराने कोठडीची जाड भिंत हळूहळू पोखरली. एकाने सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनविले. १२ ऑगस्ट १९७२ ची मध्यरात्र उलटली. बाहेर वादळी पाऊस कोसळत होता. परुळकर, ग्रेवाल व हरिश सिंहजी हे तिघे भिंतीतील भोकातून निसटले.

बसने ते पेशावरला व तेथून खैबर खिंडीतील लंडी कोतलला पोहोचले. अफगाणिस्तानची सरहद्द जेमतेम चार-पाच मैलांवर होती! नकाशावर पुढे लंडी खाना हे स्थानक दिसत होते. त्यांनी तेथील वाट विचारली. पण ते स्थानक १९३२ मध्येच बंद पडले होते. लोकांना संशय आला व तिघे पकडले गेले. जिवावरचा प्रसंग ओढवला. तेव्हा परुळकरांनी छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद ह्यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधला. शत्रुपक्षातील त्या सज्जन अधिकाऱ्याने तिघांची ओळख पटवून त्यांचे प्राण वाचविले.

१ डिसेंबर १९७२ रोजी कैदी मायदेशी परतले. ह्या धाडसाबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. पुढे त्यांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तरुणांना घडविले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. सरहद्द हाती लागली नाही. परंतु प्रयत्न सोडला नाही, ह्यातच त्यांचे मोठेपण आहे.

स्वाध्याय
१. जुन्या नकाशामुळे काय घडले?
२. उस्मान हमीद ह्यांच्या वागण्यातून कोणता गुण दिसतो?