समुद्रावर पोलीस कोण?

हुणसूरला समुद्र नाही. पण मैसूर-मडिकेरी रस्त्याने कोडगूच्या कॉफीची पोती भरलेले ट्रक आपण नेहमी पाहतो. त्यातली बरीच कॉफी जहाजाने इटली-जर्मनीकडे जाते. नेहमीची वाट एडनच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून. तिथे चाच्यांनी जहाजे अडवली, तर झळ इथल्या मळ्यापर्यंत पोहोचते.

खुल्या समुद्रावर कोणत्याही देशाचे राज्य नसते. मग चाच्यांना पकडायचे कोणी? १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात नियम आहे : खुल्या समुद्रावर चाच्यांचे जहाज कोणताही देश पकडू शकतो. पण नियम अमलात आणायला युद्धनौका लागतात, आणि एवढ्या मोठ्या समुद्राला एकट्या देशाच्या नौका पुरत नाहीत.

२००८ मध्ये सोमालियाजवळ चाचेगिरी वाढली. ऑक्टोबरपासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालू लागले. त्याच वर्षी बहारीनमध्ये 'शेड' ही बैठक सुरू झाली. तिच्यामागे करार नाही आणि तिथे कोणी कोणाला हुकूम देत नाही. निरनिराळ्या नौदलांचे अधिकारी बसतात, माहिती देतात, गस्ती जुळवतात. २०१२ पासून भारत, चीन व जपान यांनी जहाजांना सोबत करण्याच्या वेळा वाटून घेतल्या. सीमेवर भारत-चीनचे पटत नाही, तरी हे जमले, कारण चाचे कोणाचाच झेंडा बघत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेले 'रुएन' हे जहाज 'आयएनएस कोलकाता'ने गाठले. विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरले. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्यांत एकही भारतीय नव्हता. ते बल्गेरिया, म्यानमार व अंगोलाचे होते. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा झाल्यामुळे त्यांच्यावर आपल्याकडे खटला चालवणे सोपे झाले.

अशा सहकार्यात एक उणीव आहे. सही नसल्यामुळे कोणीही केव्हाही बाजूला होऊ शकतो. आमच्या होस्टेलमध्येही नियमांचा फलक आहे. पण रात्रीच्या अभ्यासाला शांतता राहते, ती सीनियर आपापसांत फेऱ्या वाटून घेतात म्हणून. एकाने पाळी चुकवली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते. देशांचेही तसेच आहे. म्हणून आपली पाळी न चुकवणे, हीच नियमाची खरी राखण.