लाईट संपली, तपासणी संपलेली नाही

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतो ते, पूर्ण करून रुग्ण घरी येतो. तेव्हा घरचे आम्हाला एकच प्रश्न विचारतात : आता परत तर होणार नाही ना? छातीठोक उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. मात्र धोका कोणाला जास्त आणि केव्हा जास्त, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

धोका कशावरून ठरतो?

पहिली गोष्ट स्टेज. गाठ लहान आणि फुफ्फुसापुरतीच असेल तर धोका कमी. छातीतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली असेल तर जास्त. दुसरी गोष्ट कॅन्सरचा प्रकार. 'स्मॉल सेल' हा प्रकार झपाट्याने पसरतो आणि परततोही जास्त. तिसरी गोष्ट आपल्या हातातली : बिडी-सिगारेट. उपचारानंतरही ती सुटली नाही तर धोका वाढतो.

कॅन्सर परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो. म्हणून पहिली ३ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन, पुढची २ वर्षे दर ६ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, अशी साधारण पद्धत आहे. आपल्या रुग्णाच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

"बरं वाटतंय, मग रोज बुडवून कशाला जायचं?" असे पुष्कळजण म्हणतात. पण परतलेली लहान गाठ दुखत नाही. ती लवकर सापडली तर उपचाराचे मार्ग जास्त उरतात.

प्रत्येक डाग कॅन्सर नसतो

लाईट संपल्यावर साधारण १ ते ६ महिन्यांत फुफ्फुसाला सूज येऊ शकते. कोरडा खोकला, दम लागणे, बारीक ताप ही तिची लक्षणे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने ती बहुधा ओसरते. पुढे त्या जागी व्रण राहतो आणि तो स्कॅनमध्ये डागासारखा दिसतो.

इथे दोन चुका होतात. एक, डाग दिसताच कॅन्सर परतला असे समजून घर खचते. दुसरी, जवळच्या दवाखान्यात एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. टीबी असूही शकतो, पण थुंकी तपासल्याशिवाय तसे धरून चालू नये. लाईट घेतल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

मग खरे कसे कळते? जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवून. डाग तसाच राहिला तर तो बहुधा व्रण. वाढत गेला तर पुढची तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून. म्हणून जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट आणि किती लाईट कुठे दिली याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी लागणार नाही असा उंचावर ठेवावा. प्रत्येक खेपेला सगळी पिशवी सोबत न्यावी.

तारखेची वाट पाहू नका

थुंकीतून रक्त, अचानक वाढलेला दम, झटका येणे, पायातली ताकद जाणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बसलेला आवाज, न थांबणारी पाठदुखी किंवा डोकेदुखी, घटणारे वजन हेही अंगावर काढू नये.

खर्चासाठी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पुढची तपासणी बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

पुढची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ती लक्षात ठेवणे एकट्या रुग्णाचे नव्हे, सगळ्या घराचे काम आहे.