जुन्या चेनसॉचे सील : बदलावे की राहू द्यावे?

आंबिया बहाराची तोडणी आटोपून झाडे ताणावर आली, की २०२३ साली छिंदवाड्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसर प्रदेशातील संत्रा बागायतदारास जो अल्पसा अवकाश लाभतो, तो सल काढण्याचा. बारीक सल कात्रीने निघते. परंतु डिंक्याने वाळलेले अख्खे झाड, किंवा मांडीएवढी मेलेली फांदी उतरवावयाची, म्हणजे खुंटीवरची जुनी पेट्रोल चेनसॉ खाली येते आणि तिच्याबरोबर तिच्या तक्रारीही येतात.

त्यांतील एक तक्रार विशेष लक्ष देण्याजोगी आहे. यंत्र सुरू होते, पण रेस सोडली तरी आवाज खाली बसत नाही. कधी आपोआप चढतो, आणि पानाच्या पट्टीवर साखळी सरकतच राहते. मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवून पेट्रोल वाढवतो, यंत्र शांत होते, मालकही समाधानाने घरी जातो. माझ्या मते याच समाधानाने जितकी इंजिने बाद होतात, तितकी वापराने होत नसावीत.

कारण असे, की टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते व मगच सिलिंडरात जाते. तेथील दाब आणि ओढ ही आळीपाळीने चालणारी क्रिया क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांवरील रबरी सीलांच्या भरवशावर असते. उष्णतेने आणि वयोमानाने रबर कडक झाले, की तेथून आगंतुक हवा शिरते, मिश्रण पातळ होते, आणि पेट्रोलबरोबर येणारे वंगणही त्या प्रमाणात उणे पडून पिस्टन तापतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची, आणि त्यातल्या त्यात ते टाकीत तसेच ठेवून पावसाळा काढण्याची, जुन्या रबराला बाधा होते, ती निराळीच.

तथापि दोष सीलांवर ठेवण्यापूर्वी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांमधला रबरी जोड चिरला नाही ना, हे पाहावे. तेथला दोष हुबेहूब असाच दिसतो आणि स्वस्तात निघतो. त्यानंतर सायलेन्सर उघडून आतील पिस्टनवर टॉर्चचा उजेड टाकावा. पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर यंत्र दुरुस्तीस पात्र आहे. उभे, खोल ओरखडे दिसले, तर नवे सील म्हणजे पडक्या घराला नवे कवेलू. मग फ्लायव्हील हाताने धरून वर-खाली हलवावे. शाफ्ट हलत असेल, तर बेअरिंग झिजले आहे, आणि तशा शाफ्टवर कोणतेही सील फार काळ टिकत नाही.

हे दोन्ही ठीक असतील, तर मिस्त्रीकडून हवेची परीक्षा करवून घ्यावी. कार्बोरेटर आणि सायलेन्सर यांची तोंडे रबर व पट्टीने बंद करून क्रँककेसला सुमारे अर्धा बार दाब द्यावा, तो टिकतो का पाहावे, आणि मग तितकीच ओढ द्यावी. दुसरा भाग अनेक जण वगळतात. वस्तुतः निकाल त्यातच असतो, कारण दाबाने सीलची कड शाफ्टला चिकटते आणि ओढीने सुटते.

सील गळतीत निघाले, तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे, सोबत पेट्रोलची नळीही. उघडणीची मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही. क्लचचा आटा बहुतेक यंत्रांत उलटा असतो, याची मिस्त्रीस आठवण करून द्यावी. नवे सील बसविताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नये व कडेला ग्रीस लावावे. बेअरिंगचाही खर्च निघून एकूण हिशेब नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर मी जुन्याचा मोह सोडीन.

दुरुस्तीनंतर कार्बोरेटरचा स्क्रू पुन्हा मुळातल्या जागी आणणे अगत्याचे आहे. गळती झाकण्यासाठी वाढविलेले पेट्रोल तसेच राहिले, तर यंत्र धूर ओकते आणि सायलेन्सर कोळशाने भरतो. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे : पन्नासास एक असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी तेल. बागेत शिरण्याआधी यंत्र जमिनीवर ठेवून रेस सोडावी, आणि साखळी पूर्ण थांबल्याशिवाय फांदीला हात घालू नये. काप हिरव्या भागात दोनेक सेंटिमीटर आत घेऊन त्यावर त्याच दिवशी बोर्डो मलम, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी, लावावे.