मुद्दाम नाही करत गं ते

आधी बस बघू. स्वयंपाकाचं बघता येईल. तुझ्या सासऱ्यांना कंपवात होऊन बरीच वर्षं झाली, हात थरथरतात ते तुझ्या अंगवळणी पडलं. आता मात्र ते अंगणात नसलेली लेकरं दाखवतात, सदऱ्यात हात कुठून घालायचा तेच त्यांना सुचत नाही. घरात कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. खरं सांगू का, दोन्ही नाही. हा त्याच आजाराचा पुढचा भाग आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्याच, रुग्णांवर २० वर्षं लक्ष ठेवलं. तेव्हा जे हयात होते, त्यांतल्या ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. म्हणजे तुमच्या घरावर काही वेगळं संकट कोसळलेलं नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर तू एवढी घाबरली नसतीस.

बघ, यात आठवण पुसली जात नाही, ती वर यायला वेळ लागतो. म्हणून प्रश्न विचारला की थांब, मनात वीस आकडे मोज. अडले तर नावाचं पहिलं अक्षर सांग, पुष्कळदा बाकीचं त्यांचं ते येतं. "उठा, चपला घाला, औषध घ्या, गाडी आलीय" असं एका दमात बोलू नकोस. आधी उठू दे, मग चपला. सकाळी ते नीट बोलतात आणि दुपारी भलतंच, म्हणून नणंदेला ते नाटक वाटतं. पण असे चढउतार या आजारात असतातच. मुद्दाम नाही करत गं ते.

लेकरं दिसतात म्हणाले तर वाद घालू नकोस आणि "हो, मलाही दिसतात" असंही म्हणू नकोस. "मला नाही दिसत, पण मी इथेच आहे" एवढंच म्हण. खोलीत रात्री बारीक दिवा ठेव, खुंटीवरचे कपडे काढून टाक. अंधारात लटकलेलं धोतर त्यांना माणूस वाटतं. राजूरच्या गणपतीला न्यायचं म्हणतात ना? जरूर ने, त्यांना बरं वाटेल. फक्त अंगारकीच्या गर्दीत नको, आणि गोळीची वेळ चुकायला नको.

आता हे नीट ऐक. गोंधळ हळूहळू वाढला तर तो आजार. पण दोन दिवसांत एकदम बिघडलं, तर आधी दुसरं कारण शोध. लघवीत जंतू झालेत का, पोट किती दिवसांपासून साफ नाही, पाणी किती पोटात गेलं? आपल्या जालन्याच्या मे महिन्यात धडधाकट माणूस सुकतो, आणि म्हाताऱ्यांना तर तहान लवकर कळत नाही. नवी गोळी कुठली सुरू झाली तेही बघ. दुकानातून सहज आणलेल्या सर्दीच्या गोळीनेही माणूस बरळायला लागतो. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जुनी, स्वस्त गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ती दाखवून विचार, कारण तिच्याने विसरणं वाढतं. पण आपल्या मनाने काहीही बंद करायचं नाही. लेव्होडोपाची गोळी तर अजिबातच नाही. ती अचानक थांबली तर जिवावर बेतू शकतं. कुणी खाजकुयरीचं चूर्ण दिलं तर तेही डॉक्टरांना सांग, कारण त्यातही लेव्होडोपाच असतं.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिही: पार्किन्सन्सचे रुग्ण, हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाईड देऊ नये. पहिलं आरडाओरडा थांबवायला देतात, दुसरं उलटीवर. दोन्हींनी यांचं अंग आखडतं. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तू घाबरलेली असलीस तरी ते पान बोलेल.

या स्मृतिभ्रंशावर रिव्हास्टिग्मिन नावाचं औषध आहे. अमेरिकेत २००६ मध्ये त्याला खास यासाठी मंजुरी मिळाली. आजार जात नाही, पण काहींचं लक्ष आणि वागणं थोडं सुधारतं. सुरुवातीला मळमळतं. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात किंवा तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचार, आणि बी-१२, थायरॉइडही तपासून घे.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. समज गेली की ते कायद्याने टिकत नाही. बँकेतलं वारसाचं नाव, मृत्युपत्र, मोसंबीच्या शेताचे कागद, हे सगळं त्यांना कळतंय तोवर त्यांच्याच इच्छेने होऊ दे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी कर. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ अशाच घरांनी उभं केलंय, त्यांच्याशी बोल. तुझाच जीव कोंडला तर १४४१६ वर टेली-मानस हेल्पलाइनला फोन कर, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिलं तुझं. रात्री ते झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, म्हणून तुम्हा कुणालाच झोप नाही. तेही डॉक्टरांना सांग, त्यावरही गोळी असते. आणि आठवड्यातले दोन दिवस तरी दुसऱ्या कुणी त्यांच्याजवळ थांबायला हवं. तू सगळं एकटीने ओढतेस आणि वर सगळ्यांना "ठीक आहे" सांगतेस, मग कुणाला कळणार? नणंदेला फोन लाव. उद्या नाही, आत्ता, माझ्यासमोर. तुला बोलवत नसेल तर मी बोलते.