डॅफोडिल : प्रदर्शनांतील फूल व जमिनींतील कंद

शेतकीच्या मासिकांत फुलांच्या शोभेची चर्चा कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या फुलानें विलायतेंतील कवीस काव्याचा विषय दिला, त्याच फुलानें तेथील शेतकऱ्यांस बाजार मिळवून दिला. आणि तो धंदा एकदां बुडतां बुडतां वांचला. ही हकीकत आम्हांसही बोधप्रद आहे.

डॅफोडिल ही नरगिसाच्या कुळांतील कंदवनस्पति होय. तिच्या फुलास बाहेर सहा पाकळ्या व मध्यें पेल्यासारखा किंवा कर्ण्यासारखा भाग असतो. ता. १५ एप्रिल १८०२ रोजीं विल्यम वर्डस्वर्थ व त्याची बहीण डोरोथी यांनीं उत्तर इंग्लंडांत अल्सवॉटर सरोवराच्या कांठीं हीं रानफुलें पाहिलीं. डोरोथीनें तें दृश्य रोजनिशींत टिपलें. कवीची त्यावरील कविता १८०७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें बागाइतदारांनीं संकर करून हजारों जाति उत्पन्न केल्या. त्यांपैकीं ‘किंग आल्फ्रेड’ या पिवळ्या जातीस १८९९ सालीं लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचें प्रथम श्रेणीचें प्रमाणपत्र मिळालें. सिली बेटांतून व कॉर्नवॉलांतून हीं फुलें लंडनच्या बाजारांतही जाऊं लागलीं.

प्रदर्शनांत एकेक फूल मांडण्याचे वर्ग असतात, तसेच एका जातीचीं तीन फुलें मांडण्याचेही असतात. हीं तिन्ही आकार, रंग व टवटवी यांत सारखीं असावीं लागतात. एखादें मोठें फूल दैवानेंही उमलतें. तीन सारखीं फुलें मात्र मशागतीवांचून मिळत नाहींत.

ही मशागत आदल्या वर्षींच सुरू होते. फूल सुकल्यावर निदान सहा आठवडे पानें कापूं नयेत व त्यांची जुडीही बांधूं नये. पानांनीं तयार केलेलें अन्न कंदांत साठतें व पुढील वर्षाची कळी उन्हाळ्यांत कंदाच्या पोटांतच धरते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सूत्रकृमींनीं या कंदांचा फार नाश केला. रोगट कंद आडवा कापला असतां आंत तपकिरी वलयें दिसत. अखेर सोसायटीच्या विझली येथील बागेंत जेम्स रॅम्सबॉटम यानें १९१६-१७ च्या सुमारास उपाय सिद्ध केला. विश्रांतींतील कंद सुमारें ११० अंश फॅरनहाइट उष्णतेच्या पाण्यांत तीन ते चार तास ठेवावयाचे. उष्णता कमी पडली तर कृमि जगतात. फार झाली तर आंतील कळी मरते. या उपायानें तो धंदा सांवरला.

डॅफोडिलास हिवाळ्यांत अनेक आठवड्यांची थंडी लागते. म्हणून आमच्या उष्ण मुलखांत त्याची लागवड करा असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु निशिगंध लावणाऱ्यांनीं लावणीपूर्वीं प्रत्येक कंद हातीं घेऊन पाहावा. मऊ, डागाळलेले व कुजके कंद जाळून टाकावे आणि सारख्या आकाराचे कंद एका वाफ्यांत लावावे. पारितोषिक फुलास मिळतें खरें, पण त्याची कमाई कंदानें आधींच केलेली असते.