पृथ्वी नारिंगासारखी आहे काय?

पृथ्वी वाटोळी असून दोन्ही ध्रुवांकडे नारिंगासारखी चपटी आहे, असे आपण शाळेत मुलांस सांगत आलो आहो. पण "चपटी का? आणि हे मोजले कोणी?" असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर पुष्कळ गुरुजी गप्प राहतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईस माटुंग्याजवळ, धारावीच्या कुंभारवाड्यात पाहावयास मिळते. चाकास वेग आला की ओली माती बाहेर पसरू पाहते, व कुंभाराचा हात तिला आवरतो. पृथ्वीही अशीच स्वतःभोवती फिरते. माटुंग्याची जमीन घरादारांसह तासास सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात आहे. विषुववृत्तावर हा वेग सुमारे १६७०, आणि ध्रुवावर शून्य. म्हणून पृथ्वी मध्यभागी फुगली. तिला आवरणारा हात म्हणजे गुरुत्वाकर्षण. पृथ्वी दगडाची खरी, परंतु एवढ्या प्रचंड गोळ्यात खडकही कालांतराने मातीसारखा वळतो.

न्यूटनने हे १६८७ साली गणिताने सांगितले. फ्रान्सातील कासिनी मात्र पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असे म्हणत. निवाडा मोजणीनेच व्हावयाचा होता. ध्रुवतारा एक अंश वर चढावयास उत्तरेकडे किती चालावे लागते, ते पाहावयाचे. जेथे पृष्ठभाग चपटा, तेथे अधिक चालावे लागणार. १७३६ साली लॅपलंडात गेलेल्या मंडळीस तेथील अंश फ्रान्सातील अंशाहून लांब आढळला, आणि न्यूटन खरा ठरला.

आपल्या देशात हेच काम लॅम्टन साहेबाने १८०२ साली मद्रासेहून आरंभिले. साखळ्या व जड यंत्रे घेऊन, रानातील तापास तोंड देत, तो वीस वर्षे मोजणी करीत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याकडील हिंगणघाट येथे काम अपुरे टाकून मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचा मदतनीस एव्हरेस्ट याने मोजणी पुढे नेली व १८३० साली पृथ्वीचा आकार ठरविला. त्यावरच हिंदुस्थानचे नकाशे शतकाहून अधिक काळ आखले गेले.

आता त्या नारिंगाविषयी. विषुववृत्तावर पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत १२,७१४. म्हणजे एक फूट व्यासाचा चेंडू घेतला, तर फरक अवघा एक मिलिमीटर! नारिंग त्याहून पुष्कळच चपटे असते. तेव्हा मुलांपुढे चेंडूच ठेवावा, आणि चपटेपणा तोंडाने सांगावा.