रागावण्याआधी सांधा बघा

आईबाबांनो, पाचवी-सहावीतलं मूल घड्या घातल्या की गाडी होणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्सच्या रोबोसाठी हट्ट धरतं तेव्हा दुकानात आपण काय करतो? आधी किमतीचं लेबल उलटवून बघतो, मग खोकं हातात धरून वजनाचा अंदाज घेतो आणि शेवटी म्हणतो, "अरे, एवढ्या पैशांत तो शेजारचा केवढा मोठा येतोय!" मूल हिरमुसतं. त्याला लहान आणि महागच हवा असतो, पण का ते धड सांगता येत नाही. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा मुलाचं बरोबर असतं. तुमच्यापाशी बोलायचंय ते त्या 'का'बद्दल.

हे खेळणं मूळचं जपानचं. टाकारा या कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची मालिका काढली. त्यातले रोबो ही निव्वळ यंत्रं होती, ती चालवायला आत एक इवलासा चालक बसे. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने ही आणि टाकाराचीच 'मायक्रो चेंज' मालिकेतली खेळणी घेतली, चालकाला रजा दिली आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून विकायला आणली. पात्रांची बहुतेक नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीने लिहून दिले. म्हणजे गाडी बनवणारे वेगळे, तिच्यात जीव ओतणारे वेगळे. मुलं आजही या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तपासतात: गाडी गाडीसारखी आहे का, आणि हा 'तोच' आहे का.

सुरुवातीच्या त्या खेळण्यांपैकी कित्येकांत ओतीव धातूचे भाग असत. 'जड ते दणकट' हा समज आपल्याकडे जुनाच. या खेळण्यांच्या बाबतीत त्याला थोडा आधारही होता. आता तो सोडायला हवा. टाकाराने २००३ च्या अखेरीस, ट्रान्सफॉर्मर्सच्या विसाव्या वर्धापनाच्या तोंडावर, 'मास्टरपीस' मालिकेतला पहिला रोबो काढला: या रोबोंचा नायक ऑप्टिमस प्राइम. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, धातूने भरलेला, हातात घेतला की भरदार. पुढे टाकारा आणि टोमी एक होऊन टाकारा टोमी झाली, आणि २०११ मध्ये याच मालिकेत तोच ऑप्टिमस नव्याने घडवला गेला. हा आधीच्यापेक्षा लहान, धातूही बराच कमी, पण अंगाची ठेवण जास्त नेमकी आणि हातपाय जास्त मोकळे. संग्राहकांनी या दुसऱ्यालाच डोक्यावर घेतलं. यात नवल नाही. जड हात सैल खांद्यावर लावला तर तो खालीच येणार, आणि धातूवरचा रंग घासला की टवके उडतात.

मग बघायचं काय? छत्री घेताना आपण ती दुकानातच दोनदा उघडून मिटून बघतो, तसंच हे. या खेळण्याची दोन रूपं खोक्यावर छापलेली असतात. त्याची खरी परीक्षा त्या दोन रूपांच्या मधल्या वाटेवर होते. प्रत्येक घडी कुठेतरी थांबायला हवी, आणि थांबली की खिट्टी खाचेत 'टक्' करून बसायला हवी. दाबून धरावी लागते, सोडली की उसळते, दुसरीकडचं काही बसवलं की पहिलं निघतं, असं असेल तर किंमत काहीही असो, आराखडाच कच्चा आहे.

सांधे तीन-चार प्रकारचे असतात. मोठ्या रोबोंच्या खांद्यांना आणि मांड्यांना बहुधा कटकट आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा सांधा असतो. तो वजन पेलतो. लहान रोबोंना बॉल जॉइंट असतात, ते सगळीकडे वळतात, पण वापरून ढिले पडतात. तिसरा म्हणजे धातूची पिन आरपार घातलेली बिजागरी. ही पिन पारदर्शक प्लॅस्टिकमधून गेलेली दिसली, तर तिथे नीट बघा. गाडीच्या काचांसाठी वापरलेलं हे प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ असतं. तडा जायला सुरुवात होते ती पिनेच्या भोवतीच. रंगीत प्लॅस्टिकवर वाकण्याच्या जागी पांढुरका पट्टा उमटला असेल, तर तिथे ताण पडतोय आणि उद्या तिथेच मोडणार आहे.

आता मुद्द्याचं. रोबोचा हात निखळला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "धसमुसळेपणा केलास ना?" असेलही केला. पण आधी तो हात आणि दुसरा हात शेजारी ठेवून बघा. कारखान्यात जोडताना उजवीकडचा भाग डावीकडे लागणं, किंवा दोन्ही बाजूंना एकाच बाजूचे भाग बसणं, हे चांगल्या कंपन्यांच्या मालातही होतं. असा हात कितीही हळुवारपणे वळवला तरी जागेवर बसत नाही. मूल जोर लावतं आणि तुटल्यावर बोलणी खातं. जोर का लावावा लागला, हे विचारून तर बघा. दहा वर्षांचं मूल तुम्हाला बोट ठेवून दाखवेल की इथे अडकतंय.

किंवा दोष प्लॅस्टिकचाच असेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकात काही खेळण्यांना चकाकीचे कण मिसळलेलं सोनेरी प्लॅस्टिक वापरलं गेलं. ते काळाने इतकं ठिसूळ होतं की नुसतं वळवलं तरी तुकडे पडतात. न वापरता ठेवलेलंही सुटत नाही. संग्राहकांत याला 'गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम' असं नावच पडलंय. परदेशातल्या मामाने किंवा काकाने आपला जुना रोबो भाच्या-पुतण्याला दिला आणि त्यात असा सोनेरी भाग असला, तर तो कपाटात उभा करा. खेळायला नको.

शेजारचा मोठा आणि स्वस्त येतो, त्याचंही सांगते. तो बऱ्याचदा नावाजलेल्या खेळण्याचा साचा उचलून, फुगवून केलेला असतो. आकार वाढतो, पण सांध्यांचा हिशोब तसाच वाढत नाही. पिना बाहेर डोकावतात, कडांना साच्याची धार राहते, रंगाला वास येतो. सगळ्याच नकला टाकाऊ असतात असं नाही, काही तर अस्सलपेक्षा घट्ट निघतात. पण लहानांच्या हातात द्यायचं असेल, तर मी आयएसआयची खूण बघितल्याशिवाय देणार नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. वयाचा आकडाही बघा. मोठ्या भावंडाच्या रोबोच्या मुठीतली बंदूक घरातल्या रांगत्या बाळाच्या तोंडात जाते. दिवे लागणारा रोबो असेल, तर बटण-सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच.

आणखी एक. 'संग्राह्य' हा शब्द ऐकला की काही बाबा हळूच म्हणतात, खोकं फोडू नकोस, वीस वर्षांनी लाखात जाईल. अहो, मुलाला दिलंय ना? कंपन्यांनी या रोबोंकडे माल म्हणून पाहिलं की काय होतं, ते १९८६ साली दिसलं. 'द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही' या सिनेमात जुनी पात्रं मारून टाकली, कारण नव्या खेळण्यांना जागा हवी होती. त्यात ऑप्टिमस प्राइमही गेला. मुलं थिएटरात रडली, पालक चिडले, आणि पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या कार्टून मालिकेत त्याला परत आणावं लागलं. मुलांच्या लेखी तो माल नव्हता.

तेव्हा खोकं फोडा, पण लगेच कचऱ्यात टाकू नका. पावतीही त्यातच राहू द्या. पहिल्याच दिवशी माहितीपत्रक समोर ठेवून मुलाला दोन-तीनदा गाडीचा रोबो आणि रोबोची गाडी करू द्या. तुम्ही शेजारी बसा, हात लावू नका. हात आडवा धरला तर टिकतो का, गाडीची चारही चाकं टेबलाला टेकतात का, पाठीवर गाडीचे तुकडे लोंबतायत का, हे ते स्वतःच सांगेल. लोंबणारे तुकडे मला व्यक्तिशः खपतात. ते लपवण्यासाठी केलेल्या पातळ पापुद्र्यांच्या तीस घड्या आठ वर्षांच्या बोटांना झेपत नाहीत. उजवा-डावा भाग चुकलेला निघाला, तर तो त्या पहिल्याच दिवशी दिसतो आणि दुकानदारही तेव्हाच बदलून देतो. महिन्याभराने नेलात, तर तो तुम्हाला तेच विचारेल जे तुम्ही मुलाला विचारणार होतात.